मुलगा रणात, बाप ओसरीवर

वाचकांचे प्रश्न

युद्धकवितेवर प्रश्न पाठवा म्हटलं, तर बहुतेक पत्रांत तलवारी-तोफा कमी आणि घरी वाट बघणारी माणसंच जास्त निघाली. कोल्हापूर जिल्ह्यात ते साहजिकच आहे. इथं गावोगावी एखादं तरी घर असं असतं, जिथं भिंतीवरच्या फोटोत लष्करी टोपी असते. पत्रं थोडी आखडून छापत आहोत.

प्रश्न : नववीच्या मुलांना रडयार्ड किपलिंगची ‘माय बॉय जॅक’ समजावून सांगत होते. कवीचा मुलगा पायदळात होता, फ्रान्समध्ये जमिनीवर पडला. मग कवितेत भरती आणि वारा कुठून आले, असं एका मुलीनं विचारलं. काय सांगू? (शिक्षिका, गडहिंग्लज)

मुलीला शाबासकी द्या. प्रश्न अचूक आहे.

किपलिंगचा मुलगा जॉन आयरिश गार्ड्सच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होता. सप्टेंबर 1915 मध्ये लूसच्या लढाईत तो बेपत्ता झाला, तेव्हा वय 18 वर्षं आणि सहा आठवडे. डोळे इतके अधू की भरतीत त्याला नाकारलं होतं. बापानंच लॉर्ड रॉबर्ट्सकडे शब्द टाकून त्याला अधिकाऱ्याचं पद मिळवून दिलं. कविता मात्र 1916 ची आहे आणि ती जटलंडच्या आरमारी लढाईवरच्या लेखांच्या माथ्यावर छापली होती. ‘जॅक’ हे इंग्रजीत कुठल्याही खलाशाचं बोलीतलं नाव. तेव्हा वरवर पाहिलं तर कविता खलाशाच्या घरची आहे, आणि लिहिणारा वर्षभर स्वतःच्या मुलाची खबर शोधतो आहे. दोन्ही गोष्टी मुलांना सांगा. ‘जॅक म्हणजे जॉन’ एवढंच शिकवलं की भरती-ओहोटी अडचणीची होते.

वर्गात करण्यासारखं एक काम आहे. कवितेतली दर्शक सर्वनामं अधोरेखित करायला लावा. विचारणारा पुन्हा पुन्हा विचारतो आणि उत्तर देणारा प्रत्येक वेळी ‘ह्या’ वाऱ्याचं, ‘ह्या’ भरतीचं नाव घेतो: ह्या भरतीला नाही, ह्या वाऱ्यात नाही. मग ‘ह्या नाही, कुठल्याच नाही’ येतं. तिसऱ्या कडव्याच्या अखेरीस मात्र ‘ह्या’चं ‘त्या’ होतं, आणि कवितेच्या शेवटच्या ओळीतही तेच: त्या वाऱ्याला आणि त्या भरतीला दिलेला मुलगा. समोरची गोष्ट एका सर्वनामात लांब जाते. मराठीत ‘हा’ आणि ‘तो’ यांतलं अंतर मुलांना जन्मापासून ठाऊक असतं, त्यामुळे ही जागा इंग्रजीपेक्षा मराठीतून लवकर कळेल.

1919 च्या त्याच्या युद्ध-मृत्युलेखांतली दोन ओळींची ‘कॉमन फॉर्म’ही सोबत घ्या. आम्ही का मेलो असं कुणी विचारलं तर सांगा, आमचे बाप खोटं बोलले, एवढाच आशय. शीर्षकाचा अर्थ छापील नमुना, म्हणजे ज्यात नुसतं नाव भरायचं तो कागद. भाषांतरात एक खड्डा आहे. ‘फादर्स’साठी ‘वाडवडील’ घातलंत की पूर्वज होतात आणि ओळ बोथट होते. ‘बाप’च हवा. ही स्वतःच्या चुकीची कबुली, की सैन्याची तयारी वेळेवर न करणाऱ्या पुढाऱ्यांवरचा राग, यावर अभ्यासकांत वाद आहे. वर्गात तो मिटवू नका.

प्रश्न : पणजोबांचे भाऊ पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून इराकात बसऱ्याकडे गेले ते परत आले नाहीत. घरात कागद नाही. त्यांच्यावर चार ओळी लिहायच्या आहेत, पण निदान नाव-नंबर तरी कुठं मिळेल? (शिरोळ तालुका)

ओळींच्या आधी नंबर शोधताय हे बरं केलंत.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धातल्या मृतांची थडगी आणि नोंदी सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. पहिल्या महायुद्धासाठी तिथं 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळातले मृत्यू धरलेत, त्यानंतरचा मृत्यू सापडणार नाही. बऱ्याच भारतीय नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा’ असा मजकूर असतो. तोच तुमचा धागा.

घोळ स्पेलिंगचा. कारकुनानं ऐकलं तसं लिहिलंय. आपल्याकडचे पोवार तिकडे पवार, पोवार, पोवर काहीही असू शकतात. जाधवच्या शेवटी व्ही, डब्ल्यू किंवा नुसता ओ सापडतो. कित्येकदा पहिलं नावच आडनावाच्या रकान्यात बसलेलं असतं. म्हणून आधी नाव टाकू नका. पलटण निवडा, मग वर्ष, आणि यादी खाली वाचत जा. पलटणींची नावं तेव्हाची घ्या: 103, 105, 110, 114, 116, 117 या क्रमांकांच्या. 1922 मध्ये त्या सगळ्या एका पाचव्या मराठा रेजिमेंटमध्ये आल्या, आणि ‘मराठा’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तेव्हा एक जादा एच होता. यांपैकी 103, 110 आणि 117 या इराकातल्या कुतच्या वेढ्यात होत्या. तो वेढा डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 चालला. शरण गेल्यावर कैदेतही पुष्कळ मेले, म्हणून 1916 च्या एप्रिलला थांबू नका, 1918 पर्यंत बघा.

पत्ताही जुन्या नकाशानं वाचा. हातकणंगले शोधाल तर मिळणार नाही, संस्थानात तो आळते पेटा (तालुक्यासारखा भाग) होता. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. आजरा इचलकरंजी जहागिरीत. कागलही जहागीर. टाकळी नावाची गावं तर ढीगभर आहेत, बापाचं नाव जुळल्याशिवाय आपला माणूस समजू नका.

नाव सापडलं तर बहुधा बसरा स्मारकाखाली सापडेल. ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा 40 हजारांवर लोकांची तिथं नोंद आहे. पण दगडावर काय कोरलं ते ऐकून ठेवा. ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं, आणि साध्या भारतीय शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. कमिशनच्याच 2021 च्या अहवालात ही असमान वागणूक कबूल केलेली आहे. याच कमिशनचा वाङ्मयीन सल्लागार किपलिंग होता. अनोळखी सैनिकाच्या दगडावर ‘देवालाच ठाऊक’ अशा अर्थाचे शब्द त्यानेच निवडले. फ्रान्समध्ये पडलेल्या हिंदू शिपायावरच्या दोन ओळींत तो म्हणतो, हा त्याच्या देशात कुठल्या देवांना भजत होता ते आम्हाला माहीत नाही. ठाऊक नाही हे प्रामाणिकपणे लिहिलंय, पण शिरोळातल्या आईला ते ठाऊक होतं. तुमच्या चार ओळींनी तिथून सुरुवात करावी: ज्योतिबा की खंडोबा, हे नावानिशी.

प्रश्न : लघुप्रबंधासाठी विषय घेतलाय: मराठी युद्धकाव्यातला पालकांचा शोक. मार्गदर्शक म्हणतात पोवाड्यात शोक नसतो. खरं आहे का? (विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ)

अर्धं खरं आहे. पोवाडा उभ्यानं, डफावर, गर्दीसमोर गायचा असतो. त्याला पुढं सरकायचं असतं, आईबापाजवळ बसायला त्याला सवड नसते. तुळशीदासाच्या सिंहगडच्या पोवाड्यात घर आहे, पण उलट्या दिशेनं: रायबाचं लग्न बाजूला ठेवून बाप जातो.

आपल्याच जिल्ह्यातली नेसरी घ्या. 24 फेब्रुवारी 1674 ला प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती तिथं पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेत सात घोडेस्वार आहेत, धूळ आहे, रक्त आहे. सातांपैकी एकाचेही आईबाप नाहीत. मात्र शेवटी वाऱ्यावर कुणीतरी विराणी गातं. हा ‘कुणी’ कोण, यावर तुमचं एक प्रकरण उभं राहील.

कवितेबाहेर जायची तयारी असेल तर पानिपताची सावकारी चिठ्ठी वाचा. 14 जानेवारी 1761 ला विश्वासराव पडला, वय 18. जॉन किपलिंगएवढंच. नानासाहेब पेशव्यांना खबर मिळाली ती हिशेबाच्या भाषेत: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. दोन मोत्यांतला एक त्यांचा स्वतःचा मुलगा. जूनमध्ये नानासाहेब गेले. या वाक्याचं सौंदर्य सगळे सांगतात, त्यातली उतरंड कुणी सांगत नाही. मोत्याचा बाप इतिहासात आहे. ज्यांचा मुलगा खुर्द्यात गेला त्या घरांसाठी वाक्यात ‘गणती नाही’ एवढेच दोन शब्द आहेत. बसऱ्याच्या दगडावरचा आकडा याच्याच शेजारी ठेवून बघा.

महाभारतातलं स्त्रीपर्व सोडू नका. मोरोपंतांच्या आर्याभारतातून घेतलंत तर मराठी काव्याच्या चौकटीतही बसेल. सगळे गांधारीवर लिहितात. दिव्यदृष्टीनं रण पाहत ती कृष्णाला एकेक प्रेत दाखवत जाते, ते मोठं आहेच. पण तुमच्या विषयाचा गाभा पर्वाच्या शेवटी आहे. नदीकाठी मेलेल्यांना पाणी द्यायचं चाललंय आणि तेव्हा कुंती तोंड उघडते: कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. जन्मभर दाबलेलं नाव तर्पणाच्या वेळी बाहेर येतं, कारण तर्पण नाव घेतल्याशिवाय होत नाही.

गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ युद्धाची नाही, तरी तुलनेला लागेल. ती आई मूल निजलंय हेच धरून बसते. युद्धात बेपत्ता झालेल्याच्या आईबापांची अवस्था हीच, फक्त त्यांच्या मांडीवर काही नसतं.

प्रश्न : युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असतानाच इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेनच्या घरी तो मेल्याची तार आली, हे खरं की दंतकथा? (कोल्हापूर)

खरं. तो 4 नोव्हेंबर 1918 ला पडला, तार श्रूसबरीला 11 तारखेला पोचली. पुढं 1920 मध्ये त्याच्या आईनं रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहिलं. घरून शेवटचं निघताना मुलानं गीतांजलीतली ओळ म्हटली होती, ते तिला कळवायचं होतं.

याहून बारीक गोष्ट त्याच्या थडग्यावर आहे. ओवेनच्या एका कवितेत प्रश्न आहे: जीवन या देहांना पुन्हा उभारेल काय? खरंच का तो (देव) सारं मरण पुसून टाकेल, सारे अश्रू निववील? दगडासाठी घरच्यांनी ओळ मध्येच तोडली आणि दुसरं प्रश्नचिन्ह गेलं. मुलानं शंका लिहिली होती, दगडावर ती श्रद्धा झाली. आईवडिलांना दोष देऊ नये, पण कवितेचा अभ्यास दगडावरून करू नये.

प्रश्न : गावच्या जवानाचं स्मारक करतोय. काळा ग्रॅनाइट, 3 फूट उंच, 2 फूट रुंद. आईवडिलांच्या तोंडी दोन-चार ओळी हव्यात. श्लोक घ्यावा की ओवी? किती मोठं? (स्मारक समिती, कागल तालुका)

अभंग घ्या. संस्कृत वृत्तात लघु-गुरू सांभाळताना आईवडील पंडितासारखे बोलू लागतात.

मोठ्या अभंगाचे चार खंड: अक्षरं 6, 6, 6, 4. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची काळजी नाही. नमुना म्हणून:

तुझ्या नावे हाक / मारतो अजून
भिंतींच्या आतून / माझीच ओ

मोजून बघा: तु-झ्या-ना-वे-हा-क, सहा. शेवटचं मा-झी-च-ओ, चार. सगळी मिळून 22 अक्षरं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश थडग्यांवर घरच्यांना मोकळ्या जागा धरून 66 अक्षरं मिळायची आणि सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेन्स मागितले जायचे. न्यूझीलंडनं तर कुणालाच ओळ नको म्हणून ती सवलत नाकारली. पैसे मागणं वाईटच, पण मर्यादा मात्र कामाची होती. शंभर अक्षरं ओलांडली की माणसं वाचत नाहीत, फोटो काढून पुढं जातात.

आता दगडाचं. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर साधारण एक इंच उंच हवं. दोन फूट रुंदीत दोन्ही बाजूंना तीन इंच सोडले की 18 इंच उरतात, म्हणजे ओळीत मोकळ्या जागांसह सोळा-सतरा अक्षरं. वरचा अभंग दोन ओळींत बसतो. ओळींमध्ये निदान एका अक्षराच्या उंचीएवढी जागा सोडा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात, मग रंग भरताना कारागीर एक बुजवतो. बारीक रफार आणि पोटफोड्या ‘ष’ची रेघ सँडब्लास्टमध्ये उडते, म्हणून जाड ठशाचा फॉन्ट निवडा.

सगळ्यात जास्त चुका फाइलमध्ये होतात. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करता, कापणाऱ्याकडे जुना फॉन्ट असतो. उघडल्यावर ‘र्य’ फुटतो, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, आणि कापणारा कानडी किंवा राजस्थानी असेल तर त्याला ते दिसतही नाही. अक्षरांचे आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांची रेखाचित्रं करून, पीडीएफ द्या. मग मूळ मापाची कागदी प्रत काढून भिंतीवर चिकटवा आणि समितीबाहेरच्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावा. तारीख, पद आणि नंबर पलटणीच्या कागदावरून उतरवा, फ्लेक्सवरून नाही.

‘शहीद’ लिहावं का, हेही विचारलंत. सैनिकासाठी त्या शब्दाची अधिकृत व्याख्या नाही, असं सरकारनं संसदेत सांगितलंय. मराठीत ‘धारातीर्थी पडला’ आहे, ‘वीरमरण’ आहे, जुन्या कागदांत ‘कामास आला’ आहे. आईवडिलांना कुठला शब्द तोंडात बसतो ते विचारा. आईचं नावही कोरा, नुसतं मधलं नाव म्हणून बापच नको. आणि उद्घाटकांची नावं घालायचीच असतील तर मागच्या बाजूला, अर्ध्या इंचात. पुढं ती जवानापेक्षा मोठी झालेली दगडं जिल्ह्यात आधीच पुरेशी आहेत.

प्रश्न : शहीदाच्या आईच्या तोंडी कविता लिहिली, तीन ठिकाणांहून परत आली. सोबत जोडली आहे. काय चुकलं? (इचलकरंजी)

कवितेतली बाई आई नाही, निवेदिका आहे. बत्तीस ओळींत तिरंगा पाच वेळा येतो, तिच्या मुलाचं नाव एकदाही नाही.

इवार्ट अ‍ॅलन मॅकिंटॉश या तरुण अधिकाऱ्याची एक कविता वाचा. त्याच्या पलटणीतला डेव्हिड सदरलंड मे 1916 मध्ये मेला, आणि कविता थेट डेव्हिडच्या बापाशी बोलते. मुलगा घरी पत्रं लिहायचा त्यात लढाईचा शब्द नसे. टेकडीवरची मेंढरं, आणि हवा बिघडायच्या आत पीक घरात आणा, एवढंच. इचलकरंजीच्या आसपासचा मुलगा काय लिहील? उसाला तोड आली का, विहिरीची मोटर दुरुस्त केली का. तिथून धरा.

तुमच्या मसुद्यातली ‘काळी पेटी’ ही एकच वस्तू जिवंत आहे, आणि ती सतराव्या ओळीत एकदा येऊन जाते. ती पहिल्या ओळीत आणा. पत्र्याची पेटी, झाकणावर पांढऱ्या रंगानं नाव, नंबर, पलटण. आई निरक्षर आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग तिला ती अक्षरं आकार म्हणून ओळखता येतील, वाचता येणार नाहीत. एवढ्यावर कविता उभी राहते.

दुसरं, क्रियापदं. तुमची आई पहिल्यापासून भूतकाळात बोलते. खऱ्या बोलण्यात माणूस घसरतो: ‘त्याला पिठलं आवडतं.’ मग थांबून, ‘आवडायचं.’ ही घसरण कवितेत एकदाच ठेवा, दोनदा केलीत तर युक्ती दिसते. ‘धगधगती’, ‘पावन’, ‘अमर’ काढून टाका. काढल्यावर ओळ उरत नसेल तर ती ओळ नव्हतीच. आठ-दहा ओळी शिल्लक राहतील, त्या आम्हाला पाठवा.

प्रश्न : देवळाबाहेर वीरगळ आहे. त्यात वीराचे आईवडील कुठे असतात? जत्रेआधी ऑइलपेंट द्यायचा विचार आहे. (पन्हाळा तालुका)

वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, खालून वर वाचायचा. तळात लढाई किंवा मरण, त्यावर अप्सरा वीराला नेताना, वर तो शिवलिंगापुढे, आणि माथ्याला चंद्रसूर्य. आईवडील नसतात, बहुतेकांवर नावही नसतं. शेजारच्या दगडावर कोपरातून वाकलेला बांगड्यांचा हात असेल तर तो सतीचा.

ऑइलपेंट देऊ नका. त्याखाली दगडातला ओलावा कोंडतो, पापुद्रे सुटतात आणि आधीच झिजलेले चेहरे त्यांच्याबरोबर जातात. सिमेंटच्या चौथऱ्यात गळ्यापर्यंत पुरूही नका, खालचा लढाईचा पट्टा त्यातच झाकला जातो. नुसत्या पाण्यानं, मऊ नारळी कुंच्यानं धुवा. तारेचा ब्रश आणि आम्ल दोन्ही वर्ज्य. धुऊन झाल्यावर सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. दुपारच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसतं.